सोसायटीच्या गेटवर कोणाला, कसं आणि कोणाच्या सांगण्यावरून सोडायचं

सोसायटीची निवडणूक होते, नवी कमिटी बसते आणि पहिल्याच मीटिंगमध्ये 'सिक्युरिटी कोण बघणार?' असं विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात. मग ते काम सगळ्यात नवख्या सभासदाच्या गळ्यात पडतं. तो नवखा तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गोरेगावचा चाळीस मजली टॉवर असो की मुलुंडची चार विंगची जुनी सोसायटी, गेटवरची गुंतागुंत साधारण सारखीच असते.

कुठलीही व्यवस्था उभी करताना मी एकच कसोटी लावतो: गेटवरच्या माणसाला स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागतंय का? बारा तास उभा असलेला, गेल्या महिन्यात गावाहून आलेला, फ्लॅटधारकांची नावंही पाठ नसलेला गार्ड 'याला सोडू की नको' असा विचार करत बसला, तर तो दोनपैकी एक करणार. समोरचा रुबाबात बोलला तर सोडणार, गयावया करू लागला तर अडवणार. ठरवायचं काम कमिटीचं आणि फ्लॅटधारकाचं. गार्डने ते अमलात आणायचं.

आधी हद्द नीट बघा

मंजूर लेआउटचा नकाशा ऑफिसच्या कपाटातून बाहेर काढा. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे, कारण कंपाउंडमधून जाणारा प्रत्येक रस्ता सोसायटीचा असतोच असं नाही. विकास आराखड्यातला रस्ता महापालिकेकडे गेलेला असेल, तर त्यावर बूम बॅरियर टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नाव विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही. मागच्या प्लॉटला तुमच्या आवारातून वहिवाट असेल, तर तिथल्या रहिवाशांना 'व्हिजिटर' म्हणून वहीत सही करायला लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. एकाच लेआउटमध्ये पुनर्वसन इमारत आणि विक्रीची इमारत असेल, तर कोणाचं गेट कुठलं हे कागदावर बघा, बिल्डरच्या सेल्समनने काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका.

मग एकदा कंपाउंडच्या कडेकडेने चालत जा. मेन गेटवर दोन गार्ड, कॅमेरा आणि संगणक असतो. आणि मागे कचऱ्याच्या गाडीसाठी ठेवलेलं गेट दिवसभर सताड उघडं असतं. तळमजल्यावरच्या दुकानाचं मागचं दार, पोडियम पार्किंगमधून थेट लिफ्टकडे जाणारा जिना, शेजारच्या बांधकामाच्या वेळी पाडलेली आणि पत्रा लावून सोडून दिलेली भिंत, हे सगळं मोजा. आवारात डॉक्टरचा दवाखाना किंवा ट्यूशन क्लास असेल तर तिथे येणाऱ्यांसाठी शक्यतो वेगळी वाट हवी. पेशंट दवाखान्यात म्हणून शिरतो आणि पुढे कुठे जातो, हे कोणी बघत नाही.

एक सकाळ गेटवर काढा

सहा ते दहा. खुर्ची टाकून, चहा घेऊन. दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणारी पोरं, स्कूलबस, मावशी, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, पाठोपाठ किराण्याच्या डिलिव्हरीवाल्यांची रांग. त्या चार तासांत लक्षात येईल की गेटमधून आत येणाऱ्यांत पाहुणे थोडेच, बहुतेक रोजचेच लोक असतात.

आणखी एक गोष्ट दिसेल, ती मला आजवर जवळजवळ प्रत्येक सोसायटीत दिसली आहे. पायी आलेल्या माणसाला गार्ड थांबवतो: 'कहाँ जाना है? किसके यहाँ?' मागोमाग काळ्या काचांची मोठी गाडी येते, दिवे दोनदा लुकलुकतात, बॅरियर वर जातो आणि वर एक सॅल्यूट! मागच्या सीटवर कोण बसलं होतं, कोणी विचारलं नाही. गाडीला सलाम आणि चपलेला सवाल, हे आधी मोडा. सभासदाच्या गाडीला स्टिकर किंवा टॅग द्या. स्टिकर नसलेली प्रत्येक गाडी काच खाली करेल, फ्लॅट नंबर सांगेल आणि आत किती माणसं आहेत हे नोंदवलं जाईल. चालक नाराज झाला तरी चालेल.

येणाऱ्यांची वर्गवारी

सगळ्यांना एकच नियम लावला की तो आठवड्यात मोडतो. म्हणून आधी गट पाडा.

पाहुणे सगळ्यात सोपे. फ्लॅटधारकाने आधी कळवलं असेल तर थेट आत, नसेल तर इंटरकॉम किंवा अॅपवरून विचारून. फोन उचलला नाही तर? हे लिहून ठेवा, कारण रोज घडतं. माझ्या मते दोनदा वाजवायचा, मग पाहुण्यालाच यजमानाला फोन लावायला सांगायचा आणि यजमानाने गार्डशी बोलायचं. पाहुण्याने स्वतःच्या फोनवर कोणाचा तरी आवाज ऐकवला एवढ्यावर सोडायचं नाही. यजमानाचा नोंदवलेला नंबर स्क्रीनवर जुळला पाहिजे. म्हाताऱ्या आईवडिलांच्या फ्लॅटसाठी मुलाचा किंवा शेजाऱ्याचा दुसरा नंबर घेऊन ठेवा. फोन कुठे ठेवलाय हेच त्यांना बरेचदा आठवत नाही.

रात्री दहानंतर पाहुणे नकोत, भाडेकरूंकडे मित्र नकोत, एकट्या मुलीकडे पुरुष नकोत, असल्या मागण्या सर्वसाधारण सभेत येतीलच. त्या गेटच्या नियमांत घुसू देऊ नका. घरात कोण येतं ते घरात राहणारा ठरवेल. मालक असो वा भाडेकरू, नियम एकच. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात, ते घरमालकाने पाळले आहेत का एवढं सोसायटीने बघावं.

डिलिव्हरीवाल्यांवरून सगळ्यात जास्त कटकट होते. दहा मिनिटांत सामान पोचवायचं असलेला पोरगा गेटवर पाच मिनिटं उभा राहिला तर त्याची पुढची ऑर्डर बोंबलते आणि तो गार्डवर खेकसतो. काही सोसायट्या गेटवर रॅक ठेवून 'खाली येऊन घ्या' म्हणतात. तरुण जोडप्यांना ते जमतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना नाही. दिवसा वर सोडावं, रात्री ठरावीक वेळेनंतर लॉबीत घ्यावं आणि औषधं कधीही वर जाऊ द्यावीत, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. डिलिव्हरीची पोरं आणि मावशी पॅसेंजर लिफ्ट वापरणार नाहीत, असा बोर्ड मात्र लावू नका. सामान मोठं असेल तर सर्व्हिस लिफ्ट, नाहीतर जी खाली असेल ती. माणसं वेगळी काढण्याला सुरक्षा म्हणत नाहीत.

मावशी, ड्रायव्हर, स्वयंपाकवाल्या ताई, गाडी धुणारे यांना फोटो असलेला पास द्या. पासवर कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम आहे ते लिहा. इथेच सगळ्यात मोठं भोक पडतं. काम सुटतं, पण पास सुटत नाही. फ्लॅटधारक गेटवर कळवत नाही, गार्ड ओळखीचा चेहरा बघून मान हलवतो, आणि सहा महिन्यांपूर्वी काम सोडलेला ड्रायव्हर मजेत आत-बाहेर करतो. वाईट हेतू असेलच असं नाही. खाली गप्पा मारायला येत असेल. पण तुमच्या यादीत तो अजूनही कामावर आहे. पासला तीन महिन्यांची मुदत घाला. नूतनीकरणासाठी फ्लॅटधारकाची सही लागेल, सही आली नाही की पास आपोआप बंद. भांडण नाही, चौकशी नाही.

बाहेर जाताना मावशींच्या पिशव्या उचकटणं हा अपमान आहे, आणि गार्डला कोणाची अंगझडती घेण्याचा अधिकार नाही. मोठं सामान बाहेर जात असेल तर फ्लॅटधारकाच्या सहीची चिठ्ठी मागा, मग ते सामान मावशींच्या हातात असो, टीव्ही रिपेअरवाल्याच्या की सभासदाच्या भाच्याच्या.

फर्निचर, टाइल्स, प्लंबिंगचं काम चालू असलेला फ्लॅट म्हणजे वेगळंच प्रकरण. कंत्राटदार एक, कामगार रोज नवे. काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून नावांची यादी आणि ओळखपत्राची प्रत घ्या, कामाची वेळ ठरवा आणि संध्याकाळी मोजणी करा: सकाळी सात आत गेले, सातच बाहेर आले का? रिकाम्या फ्लॅटमध्ये कामगारांनी रात्री झोपायचं की नाही, हे फ्लॅटधारकाने तोंडी सांगून चालणार नाही, लेखी हवं.

मासेवाल्या मावशी, भाजीवाले, भंगारवाले यांच्यावरून सभेत आवाज चढतात. वासाचं कारण पुढे करून कोळणीला बंदी घालायचा ठराव कोणीतरी आणतोच. साधा नियम पुरतो: फ्लॅटधारकाने बोलावलं असेल तर त्या फ्लॅटपर्यंत, मजल्यामजल्यावर ओरडत फिरणं कोणालाच नाही. तो पावाला, पापलेटला आणि पाणीपुरीला सारखाच लागू.

ज्यांना अडवायचं नाही

हा भाग गार्डला तोंडपाठ असायला हवा. अग्निशमन दलाची गाडी, अॅम्ब्युलन्स आणि पोलीस यांच्यासाठी नोंद नंतर, गेट आधी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतींच्या आवाराचं मुख्य प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद हवं आणि गेट पूर्ण उघडून भिंतीला टेकायला हवं. बॅरियरचा खांब, गार्डची केबिन, कुंड्या आणि सेक्रेटरीची स्कूटर मिळून त्यातलं किती उरलंय ते टेप लावून मोजा. बॅरियर वीज गेल्यावर हाताने उचलता येतो. त्याची किल्ली केबिनमध्ये टांगलेली हवी, खजिनदाराच्या ड्रॉवरमध्ये नको. १०१, १०८ आणि ११२ हे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

पोलीस आले तर गार्डने नाव, पोलीस ठाणं आणि वेळ लिहावी, सेक्रेटरीला कळवावं, वाट अडवू नये. साध्या वेशात असतील तर ओळखपत्र बघायला मागणं चूक नाही. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला तर 'साहेब घरी नाहीत असं सांगायला सांगितलंय' हे गार्डच्या तोंडी घालू नका.

जनगणनेच्या कर्मचाऱ्यांना प्रवेश देणं १९४८ च्या जनगणना कायद्याने बंधनकारक आहे. मतदार यादीचे अधिकारी, पोलिओच्या ताई, पावसाळ्यात डासांची पैदास शोधत टाक्या आणि कुंड्या तपासणारे महापालिकेचे कर्मचारी, पोस्टमन यांनाही 'कमिटीची परवानगी आणा' म्हणून परत पाठवू नये. ओळखपत्र बघा, नोंद करा, शक्य असेल तर एक माणूस सोबत द्या.

मीटर रीडिंगवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांच्या नावावर भामटेही येतात. तुमच्या इमारतीची वीज कोणाची हे गार्डला माहीत हवं: शहर भागात बेस्ट किंवा टाटा, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. मुलुंडच्या इमारतीत कोणी बेस्टचा माणूस म्हणून आला तर तिथेच प्रश्न संपला. पाइप गॅससाठी महानगर गॅसचं ओळखपत्र. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे कुठलाही अनोळखी तंत्रज्ञ गेला तर राउंडवरच्या गार्डने दारापर्यंत जावं आणि शेजारची बेल वाजवावी.

सभेत ठराव करा

इथवर जे ठरलं ते दोन पानांत लिहा आणि सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. कमिटीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला नियम पहिल्या भांडणात टिकत नाही. इतिवृत्तात आलेला ठराव टिकतो. पैशाचा मुद्दाही इथेच येतो. आदर्श उपविधींनुसार वॉचमनचा पगार सेवाशुल्कात मोडतो आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं. म्हणजे वन रूम किचनवाला आणि चार बेडरूमवाला सारखेच पैसे भरणार. बायोमेट्रिक गेट, चेहरा ओळखणारा कॅमेरा वगैरेची हौस असलेल्या सभासदाला हे आधी आठवून द्या.

अॅप की वही?

नियम नसताना अॅप घेतलं तर गोंधळ तोच राहतो, फक्त त्याला नोटिफिकेशन येतं. नियम ठरले असतील आणि फ्लॅट शंभराच्या वर असतील, तर मायगेट, नोब्रोकरहूड यांसारख्या सेवांचा उपयोग होतो: आधी मंजुरी, पाहुण्याला कोड, मावशींची हजेरी. वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारतीला चांगला इंटरकॉम आणि नीट ठेवलेली वही पुरते.

वहीचा एक दोष कोणी बोलत नाही. दहा जणांची नावं आणि मोबाइल नंबर एका पानावर उघडे असतात, अकराव्याने फोटो काढला की झालं. एकट्या येणाऱ्या मुलींना याचा त्रास होतो. फ्लॅटधारकाने फोनवर होकार दिला असेल तर पाहुण्याचा नंबर हवाच कशाला? नाव, फ्लॅट, वेळ, गाडी नंबर बस. भरलेली पानं पुठ्ठ्याने झाका.

अॅप घेताना विक्रेत्याला विचारा: नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात, त्या सोसायटीत कोणाला दिसतात, कंपनी त्यांचं आणखी काय करते, करार संपल्यावर त्यांचं काय होतं, नेट गेलं तर गेट कसं चालतं. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अॅपमधल्या नोंदी त्यात येतात. कागदावरची नोंद संगणकावर चढवली की तीही. आधार सक्तीने मागू नका. ओळख पटवायला कुठलंही फोटो ओळखपत्र चालतं, आणि कोणी आधार दिलंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं घ्या.

कॅमेरे गेट, लिफ्टची लॉबी आणि पार्किंगकडे ठेवा, कोणाच्या दाराच्या आत बघणारे नकोत. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा. चोरी नऊ वाजता झाली आणि चित्रफितीत पावणेदहा दिसतात, हा प्रकार नेहमीचा.

गार्ड

एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे प्रत घेऊन तपासा. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने स्थापन झालेली सुरक्षा रक्षक मंडळंही आहेत. बृहन्मुंबई आणि ठाण्यासाठीच्या मंडळाकडून नोंदणीकृत गार्ड मिळतात. दर विचारताना माणसांचा हिशेब करा. एक जागा चोवीस तास चालवायची तर आठ तासांच्या पाळीने आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करणार, म्हणजे साडेतीन माणसं लागतात. एजन्सी दोनच माणसांत तीच जागा देते म्हणाली, तर कोणीतरी डबल ड्युटी मारणार आणि पहाटे चार वाजता खुर्चीत झोपणार. त्यात त्याचा दोष नाही.

केबिनमध्ये पंखा, पिण्याचं पाणी, जवळ शौचालय आणि पावसाळ्यात न गळणारं छप्पर हवं. जुलैच्या पावसात वही भिजून शाई पसरली की महिन्याची नोंद गेली. गार्डला गाडी काढायला, पिशव्या वर पोचवायला, कुत्रा फिरवायला पाठवणाऱ्या सभासदांना लेखी समज द्या. गेट रिकामं पडतं ते बहुधा तेव्हाच.

केबिनमध्ये लावायचा कागद एका पानाचाच हवा, हिंदी आणि मराठीत. साधारण असा:

१. स्टिकर नाही तर गाडी थांबेल. सगळ्यांची, अध्यक्षांच्या मेव्हण्याचीही.
२. आधी मंजुरी असेल तर सोडा. नसेल तर फ्लॅटला फोन, दोनदा. उत्तर नाही तर थांबवा, बसायला खुर्ची द्या.
३. आग, अॅम्ब्युलन्स, पोलीस: गेट उघडा, मग लिहा.
४. पासची तारीख बघा. ओळखीचा चेहरा म्हणजे पास नव्हे.
५. लहान मूल एकटं बाहेर निघालं तर घरी फोन.
६. कोणाशी वाद घालू नका. सुपरवायझर, नाहीतर ड्युटीवरचा कमिटी सभासद यांना फोन. नंबर खाली आहेत.

सहावा मुद्दा असेल तर बाकीचे पाच चालतात. महिन्याभराची पाळी लावून कमिटीतला एक जण फोनवर राहील, असं ठरवा.

गणपती आणि इतर गर्दीचे दिवस

गणपतीत घरोघरी दर्शनाला माणसं येतात, आणि प्रत्येकासाठी फ्लॅटला फोन लावत बसलं तर रांग रस्त्यावर जाते. ज्यांच्या घरी गणपती आहे त्या फ्लॅटची यादी आधी गेटवर द्या. त्या दिवसांत पाहुण्याने यादीतल्या फ्लॅटचा नंबर आणि आडनाव सांगितलं की नाव लिहून आत. गौरीच्या दिवशी आणि विसर्जनाच्या संध्याकाळी एक गार्ड वाढवून घ्या, पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावायला सांगा, ज्येष्ठांची रिक्षा मात्र विंगपर्यंत येऊ द्या. ढोलताशाची, मंडपवाल्याची आणि केटररची माणसं कंत्राटी कामगारांच्या नियमात घ्या. एकतीस डिसेंबरला गच्चीवरच्या पार्टीसाठी यजमानाकडून दुपारीच नावं मागवा.

चाचणी घ्या

नियम लागू झाल्यावर पंधरा दिवसांनी गार्डला न ओळखणारा एखादा आतेभाऊ बोलवा. एकदा तो चांगले कपडे घालून, कानाला फोन लावून, न थांबता आत चालत येऊ दे. दुसऱ्यांदा टॅक्सीत मागे बसून. तिसऱ्यांदा हातात डिलिव्हरीची पिशवी घेऊन, न अस्तित्वात असलेल्या फ्लॅटचा नंबर सांगत. तो आत पोचला तर गार्डला झापू नका. कुठल्या ओळीत पळवाट आहे ते शोधा आणि कागद बदला.

पहिल्या महिन्यात तुम्हाला सभासदांचे फोन येतील. बहुतेक तक्रारी एकाच प्रकारच्या असतील: 'माझ्या साल्याला गेटवर थांबवलं.' शांतपणे वेळ विचारा आणि नोंद बघा. गार्डने दोनदा फोन लावला होता का? लावला असेल आणि उचलला नसेल, तर सभासदाला तेवढंच सांगा आणि दुसरा नंबर द्यायला सांगा. लावलाच नसेल तर सुपरवायझरला बोलवा. एखादा सभासद ठराव मानायलाच तयार नसेल तर लेखी पत्र द्या, पुढच्या सभेत विषय घ्या, आणि प्रकरण उपनिबंधकांपर्यंत गेलंच तर तुमच्या हातात इतिवृत्ताची प्रत आणि गेटची नोंद, दोन्ही तारखेनिशी असू द्या.